कृष्णाकाठची सपाट सायकलवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत राहते. गेली दहा-अकरा वर्षं माझे बहुतेक रविवार सांगली, वाडी, खिद्रापूर, औदुंबर याच पट्ट्यात सायकलवर गेलेत. दसरा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं. ‘वाडी’ म्हणजे नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी. आमच्याकडं नुसतं वाडी म्हटलं तरी पुरतं.

गाड्या नसलेला रस्ता खरंच आहे, की सांगायची गोष्ट?

खास सायकलींसाठी बांधलेला मार्ग विचारत असाल, तर नाही. युरोपात डॅन्यूबच्या काठानं पासाउपासून व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरच्या वर सायकलवाट आखलेली आहे. जर्मनीतली माझी मावसबहीण तिथले फोटो पाठवून मला जळवत असते. आपल्याकडं तशा पाट्या नाहीत, पट्टे नाहीत. आहेत ते एसटी आणि बैलगाडी एकमेकींना जेमतेम वाट देतील एवढ्या रुंदीचे गावरस्ते.

ते रिकामे का असतात, तर नदीमुळं. कृष्णेवर पूल थोडे. काठाकाठानं जाणारा रस्ता गावागावांतून वळणं घेत जातो आणि कुणालाच कुठं लवकर पोचवत नाही. ज्याला कोल्हापूर गाठायचंय तो अंकलीच्या पुलावरून हमरस्त्यानं जातो. काठाच्या रस्त्यावर राहतात ती त्याच गावची माणसं, त्यांच्या मोटरसायकली, म्हशी आणि आपण.

पण चोवीस तास रिकामा मिळेल असं समजून येऊ नका. पहाटे पाचला अंधारात रस्ता मोकळा वाटतो, पण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते, त्यामुळे मोटार बंद करून परतणारी माणसं बिनदिव्याची चालत असतात. उजाडलं की डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या मोटरसायकली सुरू होतात. त्या घाईत असतात, पण रस्ता त्यांच्या हाताखालचा असतो, त्यांचा त्रास नाही. साडेसातनंतर शाळेच्या गाड्या आणि कारखान्यांच्या बसेस. साडेनऊ ते दुपारचे चार या वेळात पुन्हा सामसूम, फक्त तेव्हा ऊन असतं. रविवारी यातली शाळा-कारखान्याची गर्दी गळते. माझा हिशोब साधा आहे: रविवारी उजाडता उजाडता निघायचं आणि साडेनऊच्या आत वाडीच्या घाटावर बसायचं.

सपाट म्हणजे किती सपाट?

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, आणि तिथून खाली खिद्रापूरपर्यंत नदी इतकी संथ उतरते की डोळ्यांना उतार दिसत नाही. पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीत चढ म्हणावा असं काही असेल तर पुलाला जोडणारे भराव आणि ओढ्यांवरच्या मोऱ्या. खंबाटकी किंवा कात्रज चढणाऱ्यांना हे ऐकून हसू येतं. येऊ दे. सपाट रस्त्यावर उतार नसतो, म्हणजे पाय थांबवायची सोयही नसते. घाटात तासभर चढलात की वीस मिनिटं फुकट मिळतात. इथं तीन तास म्हणजे तीन तास पायडल. पहिल्यांदा येणाऱ्यांची मांडी दुखत नाही, बूड दुखतं, कारण उभं राहून मारायची वेळच येत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मुद्दाम उभं राहून चार-पाच फेरे मारा.

आणि घाट नाही असं तरी कुठं आहे? आमचा घाट म्हणजे वारा. जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून असा वारा सुटतो की नदीच्या वाहत्या दिशेनं जाताना आपण फार भारी सायकलपटू आहोत असं वाटायला लागतं. परतताना खरं काय ते कळतं. नवख्यांना मी सांगते: जाताना समोरून वारा घ्या, येताना पाठीवर. ऊस उंच असेल तर तो वारा अडवतो, पण ऊस तुटला की तोच रस्ता उघडा पडतो.

नेमके कुठले रस्ते?

तीन सांगते. बाकीचे तुमचे तुम्ही शोधा, तीच मजा आहे.

पहिला, मिरज ते वाडी. मिरजेच्या कृष्णाघाटावरून पूल ओलांडला की अर्जुनवाड. तिथून घालवाड, कुटवाड, हसूर, शिरटी अशी गावं घेत शिरोळच्या बाजूनं वाडीला यायचं. एका अंगाला, कधी जवळ कधी लांब, नदी असतेच. वीस-बावीस किलोमीटर. हमरस्त्यानं जयसिंगपुरावरून आलात तरी अंतरात मोठा फरक नाही, पण तिथं ट्रकच्या आरशाला कोपर लागेल की काय अशी धाकधूक. तरी जयसिंगपूर एकदा बघाच. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव. चौकटीच्या वहीवर आखल्यासारखे सरळ रस्ते, आणि भडंग.

दुसरा, सांगली ते औदुंबर. कर्नाळ, नांद्रे, वसगडे करत भिलवडी, तिथं पूल ओलांडून अंकलखोप, आणि लगेच औदुंबर. पंचवीस-तीस किलोमीटर. नांद्र्याजवळ येरळा लागते. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. थोडी वाकडी वाट करून ब्रह्मनाळला गेलात तर येरळा कृष्णेला मिळते ती जागा दिसते. औदुंबरच्या घाटावर झाडाच्या सावलीत पाय सोडून बसायचं, समोर पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ. गुरुवार टाळा. दत्ताचं ठाणं आहे, गर्दी असणारच.

तिसरा माझा लाडका: नदीपलीकडची गावं. वाडीहून पूल ओलांडून औरवाड, मग गौरवाड, कवठेगुलंद, शेडशाळ, गणेशवाडी. तालुका शिरोळ, पण नदीच्या पलीकडं पडल्यानं या गावांचं जग वेगळंच झालंय. गणेशवाडी सोडली की कागवाड, म्हणजे कर्नाटक. पाट्यांवरची लिपी बदलते, बोलण्यातली आधीच बदललेली असते. कागवाडहून म्हैसाळमार्गे मिरजेला यायचं ठरवलंत तर पन्नास-साठ किलोमीटरचं वर्तुळ पुरं होतं, पण हा शेवटचा टप्पा मोठ्या रस्त्याचा आहे. तो नको असेल तर आलात तसे परत फिरा. मी बहुतेक वेळा परतच फिरते.

किर्लोस्करवाडीपर्यंत जाता येतं का?

येतं. भिलवडीहून पलूसमार्गे. नदीपासून जरा लांब, जरा वर, पण सायकलवाल्यानं एकदा जावं असं ठिकाण. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. पण या घराण्याचा धंदा १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं सुरू झाला, हे कुणी फारसं सांगत नाही. नांगर आणि पंप नंतरचे.

यायचं कधी?

दसरा ते दिवाळी. पाऊस ओसरलेला, रस्त्यावरचा चिखल वाळलेला, ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि साखर कारखान्यांची धुराडी अजून पुरती पेटलेली नसतात. हे पंधरा-वीस दिवस सोन्याचे. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून पट्टी ओढल्यासारखा रस्ता, बोळातून चालल्यासारखं वाटतं. वळणावर मात्र घंटी वाजवा, पुढचं काही दिसत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीतली थंडीही उत्तम. नदीवरून धुकं उठतं आणि सात वाजेपर्यंत पुलाचं पुढचं टोक दिसत नाही. मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर बाहेर राहणं म्हणजे हौस नव्हे, शिक्षा.

पौर्णिमा आणि शनिवार वाडीला टाळा. दत्तजयंतीला तर आसपासच्या चार गावांतसुद्धा फिरकू नका. प्रत्येक गावचा बाजारवार वेगळा असतो. त्या दिवशी वेशीतला अर्धा किलोमीटर हातात सायकल धरून चालत काढायचा.

उसाच्या ट्रॅक्टरांची इतकी धास्ती का घालता?

कारण मी एकदा पडलेय. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि वर कर्णा, त्यात कुठलं गाणं वाजत असेल ते आपण ठरवू शकत नाही. ट्रॅक्टरवाला हळू असतो. तो मुद्दाम कुणाला दाबत नाही. पण त्याला मागचं काही दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही. त्याला मागे टाकायचं असेल तर तो थांबल्याशिवाय टाकू नका.

खरा धोका ट्रॉली गेल्यावर मागे राहतो. ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकाखाली आली की लाटण्यासारखी फिरते. पाचटावर दव पडलेलं असेल तर ब्रेक दाबून उपयोग नाही. आणि शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या चाकांनी आणलेली काळी माती. वाळली की धूळ, भिजली की साबण. घालवाडच्या पुढं एका डिसेंबरात अशाच मातीवर माझं पुढचं चाक सटकलं. कोपर सोलला, गिअरचा हूक वाकला. उसाच्या टोळीतल्या बायका तोडणी थांबवून आल्या. एकीनं कोपरावर पाणी ओतलं, दुसरीनं विचारलं, “बाई, ही गाडी तुमची का पोराची?” माझीच म्हटल्यावर तिनं गिअरचा वाकलेला भाग बोटानं हलवून बघितला आणि म्हणाली, “मोडलं नाही, वाकलंय फक्त.” बरोबर होतं तिचं.

टोळीतली ही माणसं बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून सहा-सहा महिने घर सोडून येतात. रस्त्याकडेला त्यांच्या खोपी दिसतात. तिथं थांबून फोटो काढत बसू नका, एवढंच सांगते.

कुठली सायकल आणावी? बारीक टायर चालतील का?

डांबर बरं आहे, पण सारखं नाही. पुराखाली गेलेल्या तुकड्यांवर खडी वर येते. २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर घेऊन येणारे येतात, आणि कुरुंदवाडच्या पुढं गप्प होतात. माझ्याकडं २८ चे आहेत. ३२ घेतले असते तर बरं झालं असतं असं दर पावसाळ्यानंतर वाटतं. हवा अगदी दगडासारखी टणक भरू नका. साधी बिनगिअरची सायकलही इथं मजेत चालते. चढच नाही तर गिअर कशाला लागतात? गावातली माणसं वर्षानुवर्षं तेच करतायत.

पंक्चर?

होणार. सराटे आणि बाभळीचे काटे. रस्त्याच्या कडेनं चालवायची सवय असलेल्यांना जास्त, कारण काटे कडेलाच असतात. रिकाम्या रस्त्यावर चाकोरीतून चालवा, मागून आवाज आला की कडेला व्हा. दोन ट्यूब, पंप आणि चिमटा. हो, भुवया काढायचा चिमटा. खिद्रापूरच्या वाटेवर एकदा तीनदा ट्यूब बदलली आणि तिन्ही वेळा हवा गेली, कारण टायरच्या आत अर्धा मिलिमीटर काट्याचं टोक अडकलेलं होतं आणि नखाला येत नव्हतं. शेवटी जवळच्या घरातल्या आजींनी पायातला काटा काढायची सुई आणून दिली. बोटानं आतून हळूहळू चाचपत यायचं, बोटाला टोचलं की सापडलं. तेव्हापासून चिमटा पिशवीतच असतो.

मोठ्या गावांत पंक्चरवाला मिळतो, पण तो मोटरसायकलचा. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबला त्याच्याकडं हवा भरता येत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो. तो जवळ ठेवा.

कुत्री मागे लागतात का?

वस्तीवरची लागतात, गावातली नाही. वस्तीवरचं कुत्रं रखवालदार असतं, त्याचं काम ते करतं. जोरात पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा आणि “हाड्” म्हणा. घरातून कुणीतरी “वाघ्या!” म्हणून ओरडतंच. आमच्या पट्ट्यात निम्म्या कुत्र्यांचं नाव वाघ्या आणि उरलेल्यांचं मोती.

एकट्या बाईनं जावं का?

मी जाते. सुरुवातीची दोन वर्षं मात्र कुणाला तरी सोबत घेऊनच जात होते, आणि तेच योग्य होतं. रस्ता ओळखीचा झाला, चहाची टपरी ओळखीची झाली, दोन-चार बायका नावानं हाक मारायला लागल्या, की एकटेपणा राहत नाही. उसात शिरलेल्या लांब तुकड्यांवर अंधार असताना मी जात नाही. भीती माणसांपेक्षा पडलो तर कुणाला दिसणार नाही याची जास्त. निघताना वाट कुठली ते घरी सांगते आणि ती मधेच बदलत नाही. कपड्यांवरून टक लावून बघणारे भेटतात. थांबून “काय काका, पाणी मिळेल का?” म्हटलं की नजर बदलते, पाणी तर मिळतंच, वर चहाचा आग्रह.

नदीत उतरलं तर चालेल का?

नाही. पाणी शांत दिसतं म्हणून फसू नका. कृष्णेत मगरी आहेत, आणि ही अफवा नाही. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेले आहेत. थंडीत सकाळी दहाच्या सुमारास पलीकडच्या मळीवर, म्हणजे काठाच्या गाळाच्या जमिनीवर, ओंडका पडलेला दिसला आणि त्यावर बगळा बसायला तयार नसेल, तर तो ओंडका नव्हे. देवळांच्या घाटावर जिथं गावची माणसं आंघोळ करतायत तिथंच पाय धुवा आणि पुरे करा.

पुराच्या दिवसांत काय परिस्थिती असते?

येऊ नका. सांगलीत स्वतःचा पाऊस फार नसतो; पूर येतो तो महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसानं. म्हणजे इथं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. सांगलीत १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे, त्याच्या खांबावर पाणी किती फूट हे बघून अख्खं शहर आपला दिवस ठरवतं. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा सत्तावन्नच्या वर गेला. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. ज्या रस्त्यांचं मी इथं कौतुक करतेय, ते सगळे तेव्हा पाण्याखाली होते. औरवाड-गणेशवाडीकडची गावं अशा वेळी बेटं होतात.

गावातून जाताना घरांच्या भिंतींकडं लक्ष द्या. वरच्या अंगाला रंग बदललेला एक आडवा पट्टा दिसतो, कुठं त्याच्याशेजारी साल लिहिलेलं असतं. सायकलवर बसल्या जागी तो आपल्या डोक्याच्या वर असतो.

पाणी ओसरल्यावरही दोन-तीन आठवडे थांबा. गाळाचा थर वरून वाळलेला दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून पलीकडं जायचा मोह होतो. कठडा नसेल आणि पाणी वरून वाहत असेल तर तो टाळाच. उन्हाळ्यात मात्र बंधाऱ्यावरून सायकल चालवण्यासारखं सुख नाही. एका बाजूला तुंबलेलं हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला उघडे दगड.

काही शेतं पांढरी का दिसतात? मीठ टाकलंय का?

टाकलेलं नाही, वर आलंय. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन बरीच आहे. जमीन सपाट, काळी आणि घट्ट. उसाला वर्षभर पाणी पाजायचं, आणि त्या पाण्याला निघून जायला उतारच नाही. मग खालची पाण्याची पातळी वर येते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. ज्या सपाटीवर आपण खूश होऊन तीसच्या वेगानं सायकल दामटतो, तीच सपाटी त्या शेतकऱ्याच्या मुळावर आलेली आहे. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून हे पाणी बाहेर काढायची कामं चालू आहेत. रस्त्याकडेच्या चरीत एखाद्या नळीतून उन्हाळ्यातही सतत पाणी पडताना दिसलं तर ते हेच.

खायला काय?

वाडीत बासुंदी आणि कंदी पेढे. बासुंदी पोचल्यावर प्या, निघताना नको. वीस किलोमीटर पोटात हिंदकळते. हंगामात गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. कढईजवळ उभं राहून द्रोणात घेतलेली गरम काकवी, सोबत शेंगदाणे, आणि बाजारातल्या त्या चिकट एनर्जी जेलच्या पुड्यांचे पैसे वाचले. औदुंबरकडं जाताना भिलवडी स्टेशनला चितळ्यांची डेअरी लागते. त्यांचं या गावाशी नातं १९३९ पासूनचं. कृष्णाकाठची वांगी घरी न्यायची असतील तर बॅगेला पुठ्ठा लावा, देठाचे काटे ट्यूबच्या पिशवीत शिरतात.

पाणी दोन बाटल्या. गावात कुणीही भरून देतं.

खिद्रापूर सायकलनं करावं का?

करावं, आणि वाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे करावं. वाडीहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड, मग अकिवाट, सैनिक टाकळी, आणि रस्ता जवळजवळ संपतो तिथं खिद्रापूर. वीसेक किलोमीटर. पुढं तिन्ही बाजूंनी नदी वळसा घालते, त्यामुळे गावातून कुणी पुढं जात नाही. या अख्ख्या पट्ट्यातला सगळ्यांत निवांत रस्ता हाच.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढं यादवांनीही त्यात भर घातली. स्वर्गमंडप बघा. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छतच नाही, गोल आभाळ. खाली त्याच मापाची गोल शिळा. सकाळी साडेआठच्या सुमाराला उन्हाचा तुकडा खांबांवरून सरकत असतो. सायकलीचे क्लीटवाले बूट बाहेर काढून त्या थंड दगडावर अनवाणी उभं राहिलं की तळपायांना जे वाटतं, त्यासाठी मी वर्षातून तीन-चारदा जाते. इथं शंकरासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. का, याची गोष्ट पुजाऱ्यांकडून ऐका. दरवेळी थोडी वेगळी असते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलावर येतो म्हणून झुंबड उडते. सायकलवाल्यानं त्या रात्री तिथं जाऊ नये.

पुण्या-मुंबईहून सायकल आणायची कशी?

रेल्वेनं. पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, सांगली, मिरज अशी स्टेशनं या रस्त्यांच्या अगदी उशाशी आहेत. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी इकडं पोचते. सायकल सामानाच्या डब्यात रीतसर बुक करायची; पायडल काढा, हँडल आडवं करा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा. छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सामान उतरत नाही, म्हणून सांगली किंवा मिरजेपर्यंतच बुक करा. एका पाहुण्याची सायकल अशीच पुढं निघून गेली आणि दोन दिवसांनी परत आली. त्यानं ते दोन दिवस माझ्या लेकाच्या सायकलवर काढले, आणि तीच बरी होती म्हणाला.

लहान मुलांना आणता येईल?

दहा-बारा वर्षांपुढच्या, सरळ रेषेत चालवणाऱ्या मुलांना, हो. सांगलीहून हरिपूर हे पहिलं अंतर म्हणून झकास: तीन-चार किलोमीटर, शेवटाला वारणा आणि कृष्णेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. २००५ च्या पुरात बरीच बुडाली. गळीत हंगामात मुलांना कुठल्याच काठाच्या रस्त्यावर नेऊ नका.

वाटेत लोक काय विचारतात?

क्रमानं सांगते. “कुठनं आलाय?” “कुठं निघालाय?” “एवढ्या लांब सायकलवर? गाडी नाही का?” आणि मग हाताच्या चिमटीत टायर दाबून, “केवढ्याला बसली?” खरी किंमत सांगू नका. मी एकदा सांगितली, तर समोरच्या काकांनी गप्प बसून हिशोब केला आणि म्हणाले, “एक म्हैस आली असती की. दूध तरी दिलं असतं.” आता मी “मिस्टरांनी घेतली, मला माहीत नाही” असं सांगते. साफ खोटं आहे, पण वेळ वाचतो.

मोबाइलवरचा नकाशा पाणंदीत नेऊन सोडतो. मग?

हे होणारच. नकाशाला पाणंद, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, आणि रस्ता यातला फरक कळत नाही. शेवटी रस्ता उसाच्या बांधावर संपतो आणि निळी रेघ पुढं जातच राहते. तिथं उभं राहून मोबाइल वर-खाली करू नका, माणूस शोधा. कुणीतरी असतंच, वैरण कापणारं. वाट सांगणाऱ्याची भाषा मात्र समजून घ्या. “जवळच हाय” म्हणजे तीन किलोमीटर. “थोडं लांब पडंल” म्हणजे दुसरा रस्ता घ्या. आणि मला पहिल्याच वर्षी शेडशाळच्या शिवारात एका आजोबांनी सांगितलं होतं, “सरळ जावा, बंद पडलेली मोटार दिसंल, तिथनं डावीकडं.” मी दीड किलोमीटर रस्त्याकडेला उभी असलेली गाडी शोधत गेले. मोटार म्हणजे विहिरीवरचा पंप.